उघड्यावर स्वयंपाक करण्यास सक्त मनाई आहे

एप्रिल लागला की आमच्या महाविद्यालयाच्या नोटीस बोर्डाला बहर येतो. एरवी वर्षभर त्या काचेमागे कुणाचं तरी हरवलेलं ओळखपत्र आणि गेल्या गॅदरिंगच्या रांगोळी स्पर्धेचा निकाल एकमेकांच्या सोबतीनं पिवळे पडत असतात. पण परीक्षा उरकत आल्या आणि पारा ४२च्या वर सरकला की कार्यालयाला कंठ फुटतो. ‘वसतिगृहाची मेस १ मेपासून बंद राहील.’ ‘१ मे रोजी ध्वजवंदनास सर्वांची उपस्थिती अनिवार्य आहे.’ ‘पिण्याच्या पाण्याने कूलर भरू नये.’ ‘खोली सोडताना छताचा पंखा सोबत नेऊ नये.’ ‘आवारातील आंब्याची झाडे लिलावात दिलेली असल्याने वाऱ्याने पडलेला आंबासुद्धा ठेकेदाराचा समजावा.’

बाहेरच्या माणसाला या सूचना विनोदी वाटतात. आम्हाला वाटत नाहीत, कारण प्रत्येकीमागचा माणूस आम्हाला ठाऊक असतो. नोटिशीचा जन्म दूरदृष्टीतून कधीच होत नाही. आधी कुणीतरी पराक्रम करतो, मग नोटीस निघते. छताचा पंखा उतरवून, गादीत गुंडाळून, एसटीच्या टपावर टाकून गावी नेणारा एक विद्यार्थी इथे होऊन गेला. तो आज सरकारी खात्यात चांगल्या हुद्द्यावर आहे. महाविद्यालयाचा अधिकृत इतिहास सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत छापलेला आहे. खरा इतिहास वाचायचा तर नोटिशींची फाइल मागवावी.

यंदा त्या फाइलीत नवं पान लागलं. ‘महाविद्यालयाच्या आवारात उघड्यावर चूल, शेगडी, भट्टी, बार्बेक्यू अथवा तत्सम साधनाने अन्न शिजविण्यास सक्त मनाई आहे. उल्लंघन करणाऱ्यांवर योग्य ती कारवाई करण्यात येईल.’ खाली प्राचार्यांची सही, आणि सहीखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘कांदा आणू का सर?’

या पानामागचा पराक्रम असा. आमचं गाव विदर्भातलं. इथे झाडाखाली जेवायचं म्हटलं की रोडगे आले. जाडसर कणकेचे मुठीएवढे गोळे, आत तेलाचा हात लावून पदर पाडलेले, गोवऱ्यांच्या विस्तवात ठेवायचे आणि वर तीच गरम राख ओढायची. तडकले की बाहेर काढून झटकायचे, फोडायचे, तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं घट्ट वरण. एकनाथांच्या भारुडातली सून सासरचा एकेक त्रास मार्गी लागावा म्हणून भवानीला जो नवस बोलते, तो याच रोडग्याचा. वर्कशॉपच्या मंडळींनी नवस नव्हता बोललेला, पण त्यांच्यातला एक जण निवृत्त होत होता, आणि निरोप समारंभातल्या शाल-श्रीफळानं कुणाचं पोट भरत नाही. म्हणून शनिवारी रात्री स्टाफ क्वार्टर्सच्या मागे, बाभळीखाली, रोडग्यांचा बेत झाला. झकास झाला. कुणाला चटका बसला नाही, कुणाशी भांडण झालं नाही, पत्रावळीसुद्धा गोळा करून टाकल्या. जाताना राख पायानं बाभळीच्या बुंध्याशी सारली.

रविवारी दुपारी दोनच्या सुमारास वावटळ उठली.

गोवरीच्या राखेचा स्वभाव जुन्या बायकांना चांगला माहीत होता. वरून पांढरी, कडेनं कोमट, आणि पोटात दुसऱ्या दिवशीपर्यंत निखारा जिवंत. त्याच भरवशावर रात्री विस्तव राखेखाली झाकून ठेवायचा आणि सकाळी फुंकर मारून चूल पेटवायची, हा जुन्या घरांचा रिवाज. काडेपेटी वाचायची. आमच्याकडे फुंकर वावटळीनं मारली. बाभळीपासून सायकल स्टँडपर्यंतचं वाळलं गवत गेलं, आणि स्टँडमागे रचून ठेवलेली मोडकी बाकं गेली. या बाकांचं निर्लेखन करण्यासाठी एक समिती कैक वर्षं बसत होती. प्रत्येक बैठकीत बाकांची मोजणी जुळत नसे आणि विषय पुढच्या बैठकीवर जाई. आगीनं ते काम पाऊण तासात आणि एकाही सहीशिवाय उरकलं. लेखापाल त्या दिवशी जरा जास्तच आनंदी दिसत होते, असं लोक म्हणतात. मी त्यात पडत नाही.

सोमवारी प्राचार्यांनी ‘उन्हाळी सुरक्षा समिती’ नेमली. प्रबंधक, रेक्टर, विद्युत विभागाचे प्रमुख, विद्यार्थिनी वसतिगृहाच्या अधीक्षिका, आणि मी. माझी नेमणूक का, असं विचारल्यावर उत्तर आलं, “तुमचं मराठी बरं आहे.” आग विझवायला मराठीचा काय उपयोग, हे त्यांनी सांगितलं नाही. मनाईची नोटीस आधीच लागलेली होती; समितीचं काम होतं ती का लागली हे ठरवणं.

पहिल्या बैठकीत एक गोष्ट लक्षात आली: या आवारात उघड्यावर स्वयंपाक न करणारा माणूस शोधून काढावा लागेल. अधीक्षिकाबाईंनीच विषय काढला. म्हणाल्या, “मग कुरडयांचं काय?” सगळे गप्प. कारण त्या आठवड्यात क्वार्टर्समधल्या निम्म्या घरांचे गहू भिजत पडलेले होते. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, गाळून त्याचा चीक निघाला की तो शिजवावाच लागतो. समितीचा अहवाल येईपर्यंत तो थांबत नाही. घरातल्या गॅसवर एवढा मोठा गंज बसत नाही, म्हणून मागच्या अंगणात तीन विटांची चूल. पहाटे चारला सुरुवात, नऊच्या आत गच्चीवर सोऱ्या फिरून कुरडया वाळत घातलेल्या. त्यात प्रबंधकांच्या घरच्याही होत्या. प्रबंधकांनी पाणी मागवलं.

खरं म्हणजे सगळ्यात धोक्याचं पातेलं तेच. उकळता चीक आणि उकळतं पाणी यांत फरक असा, की पाणी अंगावर उडालं तर ओघळून जातं, चीक चिकटतो. जिथे चिकटला तिथे भाजत राहतो. म्हणून जुन्या बायका तो लांब दांड्याच्या उलथन्यानं घोटतात, पदर कमरेला खोचून, आणि पोरंसोरं उठायच्या आधी. पहाटे चारची वेळ पुण्यासाठी नसते. त्या वेळी वारा पडलेला असतो आणि लेकरं झोपलेली असतात. हे कुणी कुठल्या बोर्डावर लावलेलं नाही. आणि तरीही, माझ्या माहितीत, इथल्या अंगणात चिकानं भाजलेली एकच व्यक्ती आहे: मदत करायला म्हणून मध्ये आलेले एक प्राध्यापक.

मग रेक्टरांनी मुलांचा विषय काढला. मेस १ मेला बंद होते, पण प्रोजेक्टवाली, बॅकलॉगवाली आणि ‘घरी गेलो तर लग्नाचं विचारतील’वाली पोरं मागे राहतात. ती काय खातात, हा प्रश्न आमच्या नोटीस बोर्डानं आजवर विचारलेला नाही. ती कोंबडी भाजतात. मागच्या मैदानात, विटांवर लोखंडी जाळी ठेवून. जाळी कुठली, हे रेक्टरांनी सांगितलं तेव्हा विद्युत विभागाच्या प्रमुखांनी आपल्या प्रयोगशाळेच्या खिडक्या आठवून पाहिल्या.

पोरांना भाजायला येतं, पेटवायला येत नाही. लाकूड ओलं निघालं की मोटारसायकलच्या टाकीतून बाटलीभर पेट्रोल काढतात आणि धुमसत्या काड्यांवर ओततात. पेट्रोल स्वतः पेटायच्या आधी त्याची वाफ पेटते, आणि ती वाफ तोवर ओतणाऱ्याच्या मनगटापर्यंत आलेली असते. ज्वाला धारेवरून बाटलीत चढायला डोळ्याचं पातंही लवावं लागत नाही. कोविडनंतर दुसरं एक खूळ आलं, सॅनिटायझरचं. घरोघरी कॅनच्या कॅन उरले होते. कुणीतरी शोध लावला की यानं कोळसा झटकन पेटतो. पेटतो. फक्त अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते आणि भर उन्हात ती जवळजवळ दिसतच नाही. ‘पेटलं नाही बे, अजून टाक’ म्हणून जो दुसऱ्यांदा ओततो, तो पेटलेल्यावर ओतत असतो.

“यांना अग्निशमनाचं प्रशिक्षण दिलं पाहिजे,” प्रबंधक म्हणाले. दिलेलं होतं. १४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटलं. कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा असा सगळा माल एकाच जहाजात भरलेला. कापूस पेटला, दारूगोळ्यापर्यंत आग गेली, आणि ती विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह. तारीख आंबेडकर जयंतीची असल्यामुळे आमच्याकडे प्रात्यक्षिक एक-दोन दिवस पुढे ढकलतात.

यंदाचं प्रात्यक्षिक बघण्याजोगं झालं. मैदानात लोखंडी ट्रेमध्ये आग पेटवायची आणि अग्निशामक नळकांड्यानं ती विझवून दाखवायची. आग आधी पेटेना. जिथे पेटू नये तिथे फुंकरीनं पेटणारी आग पाहुण्यांसमोर मात्र लाजते. डिझेल झालं, चिंध्या झाल्या, शेवटी पेटली. तर आमच्या भिंतीवरून काढून आणलेलं नळकांडं चालेना. त्याच्या तबकडीवरची सुई हिरव्या पट्ट्यात असावी लागते. आमची लाल पट्ट्यात टेकून बसलेली होती, आणि त्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत घालायची सवय असल्यानं ती वर्षभर कुणाच्या नजरेस पडलेली नव्हती. पाहुण्यांनी स्वतःचं नळकांडं आणलं होतं. त्यांनी पिन ओढली, नळी ज्वाळेच्या टोकाकडे नव्हे तर बुडाकडे धरली, दांडा दाबला, आणि डावीकडून उजवीकडे झाडल्यागत फिरवली. सहा सेकंदांत आग गेली. टाळ्या झाल्या.

टाळ्या वाजत असताना मंडपाच्या कापडी कनातीला पाठ लावून अल्पोपाहाराची भजी तळली जात होती. सिलिंडर आडवा पडलेला. गॅस कमी येतोय म्हणून केटरिंगवाला त्याला मधूनमधून लाथेनं हलवत होता. सिलिंडर लाल, घरगुती, १४.२ किलोचा, अशा कामाला १९ किलोचा व्यावसायिक लागतो, पण ती बाब कायद्याची. भौतिकशास्त्राची बाब अशी, की सिलिंडर उभा असतो तेव्हा वरून वायू येतो, आणि आडवा केला की द्रवच नळीत उतरू शकतो, मग शेगडीची ज्वाला कनातीची उंची मोजते. त्यात हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटत खळग्यात, गटारात जाऊन बसतो. म्हणून ‘उघड्यावर आहे, हवा आहे, काही होत नाही’ हे म्हणणं जिथे जमीन सपाट आहे तिथे अर्धं खरं, आणि जिथे बाजूला उघडं गटार आहे तिथे साफ खोटं. गळती बघायची तर साबणाचा फेस लावावा, बुडबुडे येतात. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत. त्यांना गळती सापडते.

अग्निशमनवाल्या पाहुण्यांनी भजी खाल्ली. छान होती म्हणाले. सिलिंडर त्यांनी स्वतःच्या हातानं उभा केला, काही न बोलता. मला वाटतं, सबंध सप्ताहातलं खरं प्रात्यक्षिक तेवढंच.

लाल बादल्यांविषयी लिहिलं नाही तर हा लेख अपुरा राहील. इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात. त्यांचं बूड गोल ठेवतात, म्हणजे त्या जमिनीवर उभ्या राहू नयेत आणि कुणी त्या दुसऱ्या कामाला पळवू नयेत. ज्यानं ही युक्ती काढली त्यानं आमचे माळी पाहिले नव्हते. चुंबळीवर ठेवली की गोल बुडाची बादलीही उभी राहते. बागेत सगळ्या लाल बादल्या चुंबळीवर उभ्या आहेत. आणि ज्या दोन जागेवर आहेत, त्यांतली वाळू खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांनी अशी घट्ट बसली आहे की ती आगीवर ओतण्याऐवजी फेकून मारावी लागेल.

दुसऱ्या बैठकीत मी एक प्रश्न ठेवला. सभागृहाचं बांधकाम चालू आहे. छत्तीसगडकडून आलेली कुटुंबं तिथेच पत्र्याच्या आडोशाला राहतात आणि रोज दोन्ही वेळ चुलीवर रांधतात. ही नोटीस त्यांना लागू आहे का? प्रबंधक म्हणाले, “ते ठेकेदाराचे आहेत. आपल्या आवारात धरता येत नाहीत.” म्हणजे भिंत आवारात आणि भिंत बांधणारे आवाराबाहेर. इतिवृत्तात हे वाक्य आलं नाही.

त्या संध्याकाळी मी तिकडून चक्कर मारली. एक बाई स्वयंपाक करत होती. तिची चूल विटांच्या ढिगाच्या आडोशाला, वाऱ्याला पाठ देऊन. भोवतालची चार हात जमीन खराट्यानं झाडून स्वच्छ. एका बाजूला वाळूचा ढीग, जो बांधकामावर असतोच, दुसऱ्या बाजूला पाण्यानं भरलेला पत्र्याचा डबा. रांगतं मूल फळीच्या पलीकडे. भात उतरल्यावर तिनं जळती लाकडं ओढून काढली, पाणी शिंपून विझवली, निखाऱ्यांवर पाणी मारून काठीनं उलटले, पुन्हा मारलं, आणि विझलेला कोळसा वेचून वेगळा ठेवला. मी विचारलं, तर म्हणाली, उद्या कामाला येतो. सुरक्षेचा शब्द तिनं काढला नाही. जळण विकत घ्यावं लागतं, झोपडी पेटली तर दुसरी नाही, एवढंच तिचं शास्त्र होतं. आणि आमच्या पदवीधर वर्कशॉपनं राख पायानं सारली होती.

नव्या नोटिशीच्या आमच्या मसुद्यात पहिल्यांदा काय होतं, ते इथे सांगायला हवं. ‘अपवादात्मक परिस्थितीत लेखी परवानगीने सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत उघड्यावर स्वयंपाक करता येईल.’ का? तर त्या वेळात परवानगी द्यायला कार्यालय उघडं असतं. विदर्भात मे महिन्यात सकाळी १० ते ५! नवतपा नावाचे नऊ दिवस आमच्याकडे २५ मेच्या आसपास येतात, तेव्हा या वेळात कावळासुद्धा सावली सोडत नाही आणि वारा नुसता भाजत सुटतो. ज्या वेळी विस्तवाला हातही लावू नये, नेमकी तीच वेळ आम्ही त्यासाठी राखून ठेवली होती. अधीक्षिकाबाईंनी ते वाक्य खोडलं. चिकाचा अनुभव.

आता मनाईविषयी माझं मत. मनाईनं स्वयंपाक थांबत नाही, जागा बदलतो. मैदानातली जाळी वसतिगृहाच्या गच्चीवर जाते, गच्चीला कुलूप लागलं की खोलीत येते. नोटीस लागल्यानंतर आठवड्याच्या आत रेक्टरांना एका खोलीतून दोन इंडक्शन शेगड्या, एक गुंडाळीची उघडी शेगडी आणि पलंगाखाली दडवलेली कोळशाची सिगडी मिळाली. पोरांना विचारलं तर म्हणाली, “सर, बाहेर मनाई हाये ना.” त्यांचा तर्क निर्दोष होता. नोटिशीत ‘उघड्यावर’ असंच लिहिलेलं आहे.

मला भीती त्या सिगडीची वाटते. मे महिन्यात संध्याकाळी वळीव येतो. चार थेंब पडले की अर्धी भाजलेली कोंबडी आणि पेटती सिगडी दोन्ही आत येतात, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून खिडकी लावली जाते. धूर नसतो, कारण कोळसा चांगला धगधगलेला असतो, आणि धूर नाही म्हणून कुणी घाबरत नाही. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड येत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या ज्या द्रव्याला प्राणवायू चिकटतो, त्यालाच हा वायू त्याच्यापेक्षा दोनशेपट जास्त ओढीनं चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. जेवण जड झालं म्हणून झोप येतेय, असं माणूस समजतो आणि झोपतो. स्वयंपाकघरातल्या गॅसला निदान मुद्दाम घाण वास मिसळून दिलेला असतो. या वायूला ती सोय नाही. पलंगाखालून सापडलेल्या त्या सिगडीसाठी पोरांना पाचशे रुपये दंड झाला. मैदानात, रेक्टरांच्या देखत ती पेटली असती तर तिच्यापासून कुणाला काही झालं नसतं.

पोरांनंतर प्राध्यापक. आमच्यातल्या एकांना जावयानं पुण्याहून बार्बेक्यूचा संच पाठवला आहे, झाकणाचा, चाकांचा. ते गच्चीवर सहकुटुंब बोलावतात. त्यांच्याकडे आगीचा धोका नाही, कारण पेटवायला त्यांना दीड तास लागतो. धोका तेवढ्या वेळात दही-मसाला लावून बाहेर ठेवलेल्या कोंबडीचा आहे. अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की असं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. आमच्याकडे मे महिन्यात ३२ अंश ही थंडी. रात्री अकराला एवढं झालं तर लोक म्हणतात, आज बरं वाटतंय. कोंबडी आतपर्यंत ७४ अंशांना गेली पाहिजे. वरून काळी झाली म्हणजे शिजली असं नव्हे. आणि ज्या ताटातून कच्ची गेली त्याच ताटात भाजलेली परत आली, की सोमवारी त्या विभागाचे सगळे तास मोकळे जातात. हे मी हवेत बोलत नाही. वेळापत्रक माझ्याकडे असतं.

भाजण्यावर टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ लावणारे अजूनही आहेत, आणि त्यांत विज्ञान शाखेचे आहेत. भाजल्याबरोबर वीस मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरावं, बस. पण या साध्या उपायाला आमच्या गावात एक अडचण आहे. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळाला जे पाणी येतं त्यात चहा टाकला तर रंग उतरेल. म्हणून इथे विस्तव करणाऱ्यानं शेजारी माठ ठेवावा. माठाचं पाणी प्यायलाही, ओतायलाही. नायलॉनची जर्सी घालून, ओढणी मोकळी सोडून विस्तवापाशी बसू नये. नायलॉन पेटत नाही नुसतं, वितळून कातडीला चिकटतं. अंगावरचा कपडा पेटलाच तर धावू नये, जमिनीवर आडवं होऊन लोळावं.

हे सगळं मी नोटिशीत घातलं. मनाईचं वाक्य काढलं आणि त्या जागी लिहिलं: क्वार्टर्समागचा, मैदानाच्या कोपऱ्यातला चुना मारलेला चौक विस्तवासाठी राखीव आहे. भोवतालचं गवत माळ्यानं एप्रिलमध्येच काढावं. पेटवायचं ते पहाटे किंवा अंधार पडल्यावर, वारा नसताना. पेट्रोल, सॅनिटायझर, रॉकेल ओतू नये. वाळक्या काड्या लावाव्यात आणि धीर धरावा. राख पाण्यात कालवून, हात लावून गार लागेपर्यंत सोडू नये. सिगडी कोणत्याही कारणानं खोलीत नेऊ नये, पाऊस आला तर कोंबडी भिजू द्यावी. बांधकामावरच्या कुटुंबांनाही हीच जागा, हेच पाणी. आणि दोन लाल बादल्या बागेतून परत आणाव्यात.

प्राचार्यांनी मसुदा वाचला. म्हणाले, “लांब आहे. आणि यात मनाई कुठे आहे?” मी सिगडीचं वाक्य दाखवलं. म्हणाले, “ही एकच?” फाइलीवर त्यांनी ‘पाहिले’ असा शेरा मारला. ‘पाहिले’ म्हणजे होकारही नाही, नकारही नाही. फाइल पुढच्या उन्हाळ्याला जाते.

बोर्डावर तूर्त जुनीच नोटीस आहे. माळ्यानं मात्र चौकातलं गवत काढून टाकलंय, अधीक्षिकाबाईंनी सांगितलं म्हणून, तोंडी. परवा तिथे रोडगे झाले. राख भिजवून सोडली होती, मी हात लावून पाहिला. ज्यांना नोटीसच हवी त्यांनी एवढं लिहून घ्यावं: आग लागली तर १०१ला फोन करावा, गॅसचा वास आला तर १९०६ला. उन्हाळी सुरक्षा समितीला करू नये. समितीला जूनअखेरपर्यंत सुट्टी आहे.